थिओडोर कोचर: टाके काढल्यावरही रुग्णाचा माग ठेवणारा सर्जन

प्रश्न एका पदव्युत्तर विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "कोचर फोर्सेप्स, कोचर इन्सिजन, कोचर मनूव्हर ही नावं ओटीत (शस्त्रक्रियागृहात) रोज कानावर पडतात. हा माणूस नेमका कोण होता? त्यांना ॲकॅडेमिक सर्जरीच्या प्रवर्तकांमध्ये का धरतात? आणि मेडिकल कॉलेजात शिकवणारा प्रत्येक सर्जन ॲकॅडेमिक सर्जन नसतो का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नसतो. थायरॉइड या गळ्यातल्या ग्रंथीच्या शस्त्रक्रिया करण्यात आणि शिकवण्यात माझी बहुतेक कारकीर्द गेली. हाताला उत्तम वळण असलेले, सुरेख व्याख्यानं देणारे, प्राध्यापकपदावर बसलेले कितीतरी सर्जन मी जवळून पाहिले. त्यांतल्या थोड्यांनाच मी ॲकॅडेमिक सर्जन म्हणेन. रुग्ण घरी गेल्यावर त्याचं पुढे काय झालं याचा जो नेमाने शोध घेतो, आणि जे सापडेल ते आपल्यावर शेकणारं असलं तरी चारचौघांत मांडतो, त्याला मी ते नाव देतो. कोचर यांनी 1883 साली हे ज्या रीतीने केलं, तसं त्यांच्या आधी क्वचितच कुणी केलं होतं. म्हणून त्यांची हकिगत जरा सविस्तर सांगतो.

थिओडोर कोचर यांचा जन्म 25 ऑगस्ट 1841 चा, स्वित्झर्लंडमधल्या बेर्न शहरातला. वडील अभियंता. घर धार्मिक वळणाचं, आई मोरेव्हियन पंथाची. वैद्यकीचं शिक्षण बेर्नमध्येच झालं. मग त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी मोठमोठ्या सर्जनांची क्लिनिकं पाहत प्रवास केला: झुरिच, बर्लिन, लंडन, व्हिएन्ना. बर्लिनला लांगेनबेक होते. झुरिचमध्ये आणि नंतर व्हिएन्नात बिलरोथ. या दोघांपैकी बिलरोथ यांच्याकडून कोचर यांनी जे घेतलं ते जास्त मोलाचं होतं असं मला वाटतं. बिलरोथ यांनी झुरिचमधल्या आपल्या क्लिनिकचा सगळा हिशेब, झालेल्या मृत्यूंसकट, छापून प्रसिद्ध केला होता. त्या काळात सर्जन यशाच्या कहाण्या छापत आणि अपयश वॉर्डातच ठेवत. तरुण कोचर यांच्यासमोर हा नमुना होता.

1870 मध्ये, अजून पद नव्हतं तेव्हाच, त्यांनी निखळलेला खांदा बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तोवर खांदा बसवायचा म्हणजे दोन-तीन माणसांनी हात ओढायचा, काखेत टाच रोवायची. कोचर यांनी मृतदेहांवर सांध्याची रचना तपासली. हाडाचं डोकं कोणत्या दिशेने निसटलं आहे आणि कॅप्सूलचा, म्हणजे सांध्याभोवतीच्या आवरणाचा, कोणता भाग ताणलेला आहे ते पाहिलं, आणि जोर न लावता केवळ हात ठरावीक क्रमाने फिरवून खांदा जागी आणता येतो हे दाखवलं. आज ही पद्धत तुलनेने कमी वापरली जाते, कारण वयस्क रुग्णाचं ठिसूळ हाड ती करताना मोडू शकतं. पण कारकिर्दीच्या सुरुवातीचा हा लेख मुद्दाम वाचावा असा आहे. नेहमीच्या कामातली एक धसमुसळी रीत घ्यायची, तिच्यामागची शरीररचना नीट समजून घ्यायची आणि ती रीतच बदलायची, ही त्यांची पुढच्या पंचेचाळीस वर्षांची सवय त्यात दिसते.

1872 मध्ये बेर्नच्या शल्यचिकित्सा विभागाची जागा रिकामी झाली, कारण त्यांचे गुरू ल्यूके स्ट्रासबुर्गला गेले. विद्यापीठाच्या वैद्यक शाखेचा कल जर्मनीतून कुणी नाणावलेला माणूस आणण्याकडे होता. बेर्नचे विद्यार्थी आणि स्थानिक डॉक्टर मात्र कोचर यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि अखेर नेमणूक त्यांचीच झाली. वय 30. इन्सेलस्पिटाल या रुग्णालयातल्या त्या पदावर ते 1917 मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिले. बाहेरून बोलावणी आली, ती त्यांनी नाकारली.

आता गलगंडाकडे, म्हणजे थायरॉइड वाढून गळ्यावर येणाऱ्या गाठीकडे, येऊ, कारण कोचर यांचं सगळं मोठेपण त्या एका आजाराभोवती उभं आहे.

आल्प्सच्या माती-पाण्यात आयोडीन फार कमी. त्यामुळे स्वित्झर्लंडच्या कित्येक खोऱ्यांत गलगंड घरोघरी होता. कोचर यांनी स्वतः बेर्न प्रांतातल्या हजारो शाळकरी मुलांचे गळे तपासून घेऊन त्याचा प्रसार मोजला होता. गाठ मोठी झाली की श्वासनलिका दाबली जाते. रुग्णाला आडवं झोपता येत नाही, श्वास घेताना घरघर होते आणि शेवटी गुदमरून मृत्यू येतो. उपाय एकच, गाठ काढणं, आणि तो उपाय रोगाइतकाच जिवावर बेतणारा. पॅरिसच्या वैद्यक अकादमीने 1850 मध्ये या शस्त्रक्रियेचा निषेध केला होता. अमेरिकेतले मोठे सर्जन सॅम्युअल ग्रॉस यांनी 1866 मध्ये तिला सरळ कसाईकाम ठरवलं. खुद्द बिलरोथ यांचे झुरिचमधले सुमारे 40 टक्के रुग्ण दगावले, आणि त्यांनी बरीच वर्षं ही शस्त्रक्रिया बाजूला ठेवली.

मृत्यू का होत होते ते ज्याने थायरॉइड उघडून पाहिलं आहे त्याला लगेच कळेल. ही ग्रंथी रक्ताने ओथंबलेली असते. वरून सुपीरियर थायरॉइड आर्टरी येते, बाजूने आणि खालून इन्फीरियर. पृष्ठभागावर शिरांचं जाळं असतं आणि त्या शिरांच्या भिंती इतक्या पातळ की नुसतं बोट लागलं तरी फाटतात. मोठ्या गलगंडात याच शिरा करंगळीएवढ्या फुगलेल्या असतात. एक फाटली की खड्डा रक्ताने भरतो, दिसेनासं होतं. घाबरलेला सर्जन त्या रक्तात आंधळेपणाने चिमटा घालतो, आणि तिथेच श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून जाणारी आवाजाची नस, रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह, त्याच्या तावडीत सापडते. रुग्ण वाचला तरी आवाज गेला. त्यात पू झाला तर संसर्ग छातीत उतरायचा.

कोचर यांचं उत्तर घाई न करण्याचं होतं. रक्त वाहू लागल्यावर ते थांबवण्यापेक्षा ते वाहूच द्यायचं नाही. प्रत्येक रक्तवाहिनी आधी मोकळी करायची, दोन ठिकाणी चिमटे लावायचे, मध्ये कापायचं, दोन्ही टोकं बांधायची, मग पुढे सरकायचं. ग्रंथीच्या कॅप्सूलला, म्हणजे तिच्या पातळ आवरणाला, धरून राहायचं, म्हणजे बाहेरच्या कशालाच धक्का लागत नाही. ज्याला तुम्ही कोचर फोर्सेप्स म्हणता, तो टोकाशी दात असलेला चिमटा, याच शिस्तीतून आला. त्यांची शस्त्रक्रिया पाहायला आलेले पाहुणे वेळेबद्दल कुरकुरत, कारण त्या पिढीत वेग हेच कौशल्याचं माप होतं. पुढे त्यांनी थायरॉइडसाठी कोकेनने स्थानिक भूल द्यायला सुरुवात केली. रुग्ण जागा, त्याच्याशी बोलत राहता येतं, आवाजात फरक पडला तर तिथल्या तिथे कळतं. भुलीनंतरच्या उलट्यांनी टाके सुटून रक्तस्राव होण्याचा धोकाही गेला.

जंतुसंसर्गाच्या बाबतीतही त्यांची वागणूक अशीच. लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत त्यांनी लवकर उचलली. तरीही काही जखमा चिघळत राहिल्या, तेव्हा त्यांनी टाक्यांच्या दोऱ्याकडे बोट दाखवलं आणि 1888 मध्ये कॅटगट (जनावरांच्या आतड्यापासून केलेला दोरा) हद्दपार करा असं लिहून बारीक रेशमी धाग्याकडे वळले. बेर्नमधले जंतुशास्त्रज्ञ ताव्हेल यांच्याबरोबर शल्यक्रियेतल्या संसर्गावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. जखम का चिघळली याचं उत्तर प्रयोगशाळेत शोधायला जाणारा सर्जन ही तेव्हा नवीच गोष्ट होती.

या सगळ्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. 1872 पासूनच्या त्यांच्या पहिल्या शंभरेक थायरॉइड शस्त्रक्रियांत मृत्युदर सुमारे 13 टक्के होता. आयुष्याच्या अखेरपर्यंत त्यांनी 5000 हून जास्त केल्या, आणि मृत्युदर अर्ध्या टक्क्याच्या आसपास आला. केवळ एवढं असतं तरी ते मोठे सर्जन म्हणून ओळखले गेले असते. पण मी ज्या गोष्टीसाठी त्यांना मानतो ती याच्या उलट बाजूची आहे.

हात जसा सुधारत गेला, तशी पूर्ण ग्रंथी काढणं त्यांना शक्य होऊ लागलं. अर्धी ठेवली तर गलगंड पुन्हा वाढतो, मग सगळीच काढलेली बरी, असा सरळ हिशेब. थायरॉइडचं कार्य काय हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचं नियमन करत असावी, असा एक तर्क होता. रुग्ण शस्त्रक्रियेतून सुखरूप उठत होते, जखमा भरत होत्या, ते घरी जात होते. दप्तरी सगळे यशस्वी.

1874 च्या जानेवारीत त्यांनी 11 वर्षांच्या एका मुलीची थायरॉइड पूर्ण काढली. काही काळाने तिला पाठवणाऱ्या गावच्या डॉक्टरांनी, फेत्शेरिन यांनी, कोचर यांना कळवलं की मुलगी शस्त्रक्रियेनंतर पार बदलली आहे. आधी हसती-खेळती होती, आता कुढी आणि मंद झाली आहे. कोचर यांना ती तपासायची होती, पण ती आली नाही, आणि विषय तिथेच राहिला.

सप्टेंबर 1882 मध्ये जिनिव्हात वैद्यकांची परिषद होती. तिथे जिनिव्हाचेच सर्जन जाक-लुई रेव्हेर्दँ यांची आणि कोचर यांची गाठ पडली. रेव्हेर्दँ यांनी सांगितलं की पूर्ण थायरॉइड काढलेल्या माझ्या काही रुग्णांमध्ये दोन-तीन महिन्यांनी अशक्तपणा, फिकटपणा, चेहऱ्यावर सूज असं काहीतरी दिसतं आहे, तुमचा अनुभव काय? कोचर बेर्नला परतले आणि त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांना बोलावणं धाडलं. फोन नाही, दळणवळण जेमतेम, रुग्ण डोंगरातल्या खेड्यांत विखुरलेले. पूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी 18 जणांची तपासणी होऊ शकली. त्यांतल्या 16 जणांची प्रकृती ढासळलेली होती.

या 16 जणांची लक्षणं आज कुठलाही तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ओळखेल. सतत थकवा, हातापायांत जडपणा, थंडी सोसत नाही, बोलणं आणि विचार संथ, चेहरा आणि हात फुगलेले, कातडी कोरडी, केस गळालेले, रक्त कमी. लहान वयात शस्त्रक्रिया झालेल्यांची उंची तिथेच थांबलेली. ती 11 वर्षांची मुलगी आता विशीला आली होती. तिला एक धाकटी बहीण होती. शस्त्रक्रियेआधी दोघी इतक्या सारख्या दिसत की लोक त्यांची अदलाबदल करत. नऊ वर्षांनी धाकटी उमलत्या वयातली देखणी तरुणी झाली होती, आणि थोरली ठेंगणी, सुजलेल्या चेहऱ्याची, बुद्धीने मागे पडलेली. दोन बहिणी शेजारी उभ्या केल्या की दुसऱ्या कुठल्या पुराव्याची गरज उरत नाही. उरलेल्या दोघांची प्रकृती का टिकली? त्यांच्या शरीरात थायरॉइडचा थोडा भाग शिल्लक राहिला होता किंवा पुन्हा वाढला होता.

तुम्ही सर्जन होणार आहात म्हणून इथे थोडं थांबतो. कोचर यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तुमची कीर्ती याच शस्त्रक्रियेवर उभी आहे. दूरदूरचे सर्जन ती शिकायला येतात. आणि तुमच्या तपासणीतून निघतं की ज्यांना तुम्ही बरे झाले म्हणून घरी पाठवलंत, त्यांतल्या बहुतेकांचं तुमच्या हातून आयुष्यभराचं नुकसान झालं आहे. ते आकडे तुमच्याशिवाय कुणाकडे नाहीत. गप्प राहिलात तर कुणी विचारणार नाही.

एप्रिल 1883 मध्ये बर्लिनला जर्मन शल्यचिकित्सा संघाचं अधिवेशन भरलं. युरोपातले नावाजलेले सर्जन समोर बसले होते. कोचर यांनी आपल्या 101 गलगंड शस्त्रक्रियांचा आढावा मांडला आणि त्यात ही 16 माणसंही मांडली. या स्थितीला त्यांनी 'कॅकेक्सिया स्ट्रुमिप्रिव्हा', म्हणजे गलगंड काढल्यामुळे आलेली क्षीणता, असं नाव दिलं. साध्या गलगंडासाठी संपूर्ण थायरॉइड काढणं यापुढे बंद, हा निष्कर्ष त्यांनी तिथेच जाहीर केला आणि पाळला. ॲकॅडेमिक सर्जरीचा आरंभ एका दिवसावर बोट ठेवून दाखवा असं कुणी म्हटलं, तर मी या अधिवेशनाकडे दाखवीन.

रेव्हेर्दँ यांचं श्रेय मात्र बुडवू नये. त्यांनी 1882 च्या शरद ऋतूतच जिनिव्हात आपलं निरीक्षण मांडलं होतं, आणि पुढच्या वर्षी या स्थितीचं मिक्सिडीमाशी (सूज, थकवा आणि मंदपणा आणणाऱ्या, आधीच ठाऊक असलेल्या आजाराशी) असलेलं साम्य ओळखून तिला शस्त्रक्रियेतून आलेला मिक्सिडीमा म्हटलं. प्रथम कोण यावरून दोघांत कटुता आली. माझं मत स्पष्ट आहे: पहिली शंका रेव्हेर्दँ यांची, आणि नावही त्यांचंच जास्त अचूक. कोचर यांचा वाटा मोठ्या संख्येने, पद्धतशीर केलेल्या पडताळणीचा.

कारण सांगताना तर कोचर चुकलेच. ग्रंथीच्या रक्तवाहिन्या बांधल्यामुळे श्वासनलिका आकसते आणि शरीराला प्राणवायू कमी पडतो, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. ग्रंथी गेली म्हणून तिच्यातलं काहीतरी रक्तात येईनासं झालं, हे त्यांना तेव्हा सुचलं नाही. लंडनचे फेलिक्स सेमन यांनी त्याच वर्षी म्हटलं की क्रेटिनिझम (लहानपणापासून खुंटलेली वाढ आणि बुद्धी), मिक्सिडीमा आणि कोचर यांची कॅकेक्सिया या तिन्हींचं मूळ एकच असावं, थायरॉइडचा अभाव. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने समिती नेमली. व्हिक्टर हॉर्स्ली यांनी माकडांवर प्रयोग केले. 1888 च्या अहवालाने सेमन यांचं म्हणणं खरं ठरवलं. 1891 मध्ये जॉर्ज मरे यांनी न्यूकॅसलला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून मिक्सिडीमाची रुग्ण बरी केली. हॉर्मोनची कमतरता बाहेरून भरून काढण्याचं हे पहिलं यशस्वी उदाहरण. या साखळीत कोचर यांचं स्पष्टीकरण कधीच गळून पडलं, पण त्यांनी तपासलेले 18 रुग्ण अजूनही पाठ्यपुस्तकात आहेत. थीसिस लिहिताना चर्चेच्या प्रकरणात तर्क मांडायला मुलं घाबरतात, म्हणून हे सांगतो. निरीक्षण चोख असेल तर तर्क चुकला तरी पुढचा माणूस तो दुरुस्त करू शकतो.

कोचर नुसतं जाहीर करून थांबले नाहीत. 1883 मध्येच त्यांनी अशा एका रुग्णाच्या मानेत दुसऱ्याची थायरॉइड ऊती बसवून पाहिली. परिणाम टिकला नाही, आणि प्रत्यारोपणाची प्रतिकारशास्त्रीय बाजू कळायला अजून दोन पिढ्या जायच्या होत्या. तरी गेलेल्या अवयवाचं काम परत मिळवण्यासाठी दुसऱ्याचा अवयव रोपण करण्याचा हा पहिला आधुनिक प्रयत्न, असं वैद्यकाचे इतिहासकार मानतात.

याच काळातली एक गंमतशीर वाटावी अशी पण फार उद्बोधक गोष्ट अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी टिपून ठेवली आहे. हॉल्स्टेड बेर्न आणि व्हिएन्ना दोन्हीकडे जाऊन दोघांचे हात पाहून आले होते. बिलरोथ यांनी पूर्ण थायरॉइड काढलेल्या रुग्णांना मिक्सिडीमा क्वचित होई, पण टेटनी, म्हणजे स्नायूंना पेटके, बऱ्याचदा. कोचर यांच्या रुग्णांचं बरोबर उलट. हॉल्स्टेड यांनी याचं कारण दोघांच्या हातात शोधलं. कोचर सावकाश, रक्तहीन, कॅप्सूलला चिकटून काम करत. म्हणून थायरॉइडचा कण न कण निघे, पण मागच्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी शाबूत राहत. बिलरोथ वेगाने, ऊतींची आणि रक्ताची फार पर्वा न करता जात. त्यात थायरॉइडचे तुकडे मागे राहत आणि पॅराथायरॉइड सोबत निघून जात. पॅराथायरॉइडचं शरीरक्रियात्मक महत्त्व ठाऊक होण्याआधीच तिचा पुरावा दोन सर्जनांच्या हातवळणात दडलेला होता. मी रेसिडेंट मुलांना कॅप्सुलर डिसेक्शन शिकवताना हा किस्सा हटकून सांगतो.

तुम्ही विचाराल, मग आज आपण साध्या मल्टिनोड्युलर गॉइटरसाठी (अनेक गाठींच्या गलगंडासाठी) सर्रास टोटल थायरॉइडेक्टॉमी, म्हणजे पूर्ण थायरॉइड काढणं, करतो ती कशी चालते? चालते, कारण आपल्या हातात लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या हॉर्मोनची, गोळी आहे. थायरॉक्सिन 1914 मध्ये केंडल यांनी मेयो क्लिनिकमध्ये वेगळं केलं, आणि प्रयोगशाळेत ते 1920 च्या दशकात तयार झालं. कोचर यांनी घातलेला निर्बंध त्यांच्या काळाला बरोबर होता, आणि आपण तो मोडतो तेही बरोबर आहे. फक्त गोळी आयुष्यभर न चुकता मिळेल आणि घेतली जाईल याची खात्री करणं हा आता शस्त्रक्रियेचाच भाग झाला.

1909 मध्ये कोचर यांना नोबेल पारितोषिक मिळालं, थायरॉइडचं शरीरक्रियाशास्त्र, विकृतिशास्त्र आणि शल्यचिकित्सा यांवरच्या कामासाठी. हे पारितोषिक मिळवणारे ते पहिले सर्जन. पारितोषिकाच्या शब्दांचा क्रम पाहा: शरीरक्रिया आधी, सुरी शेवटी.

बाकीची कामं पटकन सांगतो. पित्ताशयासाठी उजव्या बरगडीखालचा तिरका छेद त्यांचा. थायरॉइडसाठी मानेच्या सुरकुतीतला आडवा छेदही त्यांनीच रूढ केला. 1892 मध्ये निघालेलं त्यांचं शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक अनेक भाषांत गेलं. बंदुकीच्या गोळीने होणाऱ्या जखमांवर त्यांनी प्रयोग केले आणि द्रवाने भरलेल्या ऊतीत वेगवान गोळी स्फोटासारखा परिणाम का करते ते दाखवलं. कोचर मनूव्हर तर तुम्ही रोज करता. ड्युओडिनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) दुसऱ्या भागाच्या बाहेरच्या कडेला पेरिटोनियम, म्हणजे पोटाच्या आतलं पातळ अस्तर, कापायचं, बोटं मागे सरकवायची, आणि ड्युओडिनम व पॅन्क्रियाजचं (स्वादुपिंडाचं) डोकं एकत्र डावीकडे उचलून आणायचं. रक्त जवळजवळ येत नाही, मागे इन्फीरियर व्हेना केव्हा ही मोठी शीर निळसर दिसते. ते रक्त का येत नाही? कारण गर्भावस्थेत ड्युओडिनम आपल्या मेसेंटरीसह (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यासह) मागे चिकटलं, त्या जुन्या पृष्ठभागांमध्ये रक्तवाहिन्या ओलांडून जात नाहीत. शरीराने स्वतःच आखून ठेवलेला पदर ओळखायचा आणि त्यातून जायचं. थायरॉइडच्या कॅप्सूललाही ते अशाच नजरेने पाहत होते.

शिष्यांचं सांगायला हवं, कारण ॲकॅडेमिक सर्जनची परंपरा माणसांतून चालते. रू-एन-वाय या आतडं जोडण्याच्या पद्धतीचं नाव ज्यांच्यावरून आलं ते सेझार रू त्यांचे सहायक होते. फ्रिट्झ डी क्वेर्वेन त्यांचे शिष्य आणि बेर्नमधले वारसदार. जपानहून हायाझो इतो आले आणि मेंदूतला दाब व अपस्मार यांवर काम करून गेले. 1900 मध्ये अमेरिकेहून तरुण हार्वे कुशिंग आले. त्यांना वाटलं होतं भरपूर शस्त्रक्रिया पाहायला मिळतील. कोचर यांनी त्यांना एक प्रश्न दिला: कवटीच्या आतला दाब वाढला तर रक्ताभिसरणावर काय परिणाम होतो? आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्रोनेकर यांच्या प्रयोगशाळेत धाडलं. दाब वाढतो तसा रक्तदाबही त्याच्या वर राहण्यासाठी चढत जातो, हे तिथे कुशिंग यांनी काटेकोर प्रयोगांनी दाखवलं. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचा रक्तदाब चढलेला आणि नाडी मंदावलेली पाहून आज इमर्जन्सीत आपण जे धास्तावतो, ते कुशिंग रिफ्लेक्स या कामातून आलं. बाहेरून आलेल्या होतकरू मुलाला सुरी न देता प्रश्न देणारा गुरू मला फार मोठा वाटतो.

जुलै 1917 मध्ये, पंच्याहत्तरी पार केलेल्या कोचर यांना संध्याकाळी तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी बोलावणं आलं. ती त्यांनी केली, घरी आल्यावर बरं वाटेना, आणि चार दिवसांनी, 27 जुलैला ते गेले. ज्या आजाराने त्यांना नाव मिळवून दिलं त्यावरचा खरा उपाय सुरीचा नव्हता. 1922 पासून स्वित्झर्लंडमध्ये आयोडीनयुक्त मीठ आलं, आणि त्याचा जोरदार पुरस्कार करणाऱ्यांत डी क्वेर्वेन होते. नव्या पिढीच्या शाळकरी मुलांमधून गलगंड पाहता पाहता ओसरला. कोचर स्वतः आयोडीनबद्दल सावध होते, कारण जुन्या गलगंडाच्या रुग्णाला आयोडीन दिल्यावर थायरॉइड बेफाम झाल्याचं त्यांनी पाहिलं होतं. ती सावधगिरी जुन्या रुग्णांपुरती योग्य होती. सगळ्या लोकसंख्येच्या हिशेबाने मात्र त्यांचे शिष्य जास्त बरोबर निघाले.

तुमच्या पत्रात थीसिसचा विषय अजून ठरलेला नाही असंही होतं, म्हणून एक सुचवतो. तुमच्या युनिटच्या ओटी रजिस्टरमधून किमान दोन वर्षांपूर्वी टोटल थायरॉइडेक्टॉमी झालेले सगळे रुग्ण उतरवून घ्या, निवडून नव्हे, सगळे. एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन प्रत्येकाशी संपर्क साधा. गोळी चालू आहे का, कोण देतं, टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी शेवटची केव्हा झाली, कॅल्शियम अजून घ्यावं लागतं का, बोटांना मुंग्या येतात का, आवाज पूर्वीसारखा आहे का, गाणारा असेल तर गाता येतं का, हे विचारा. जे सापडणार नाहीत त्यांचा आकडाही तक्त्यात लिहा, कारण बरे असलेले सहज सापडतात आणि त्रासातले दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेले असतात. तक्ता तयार झाला की आधी युनिटच्या प्रमुखांना दाखवा, मग विभागाच्या बैठकीत ठेवा.